भावी आदिवासी आमदारास, फ्लेक्सच्या दुकानातून

सोलापुरात बसून आदिवासी आमदार व्हायचं मनात घेतलंय म्हणता? उत्तम. पहिली चूक जन्माच्या ठिकाणाची झालीय, ती आता दुरुस्त होण्यातली नाही. विधानसभेच्या 288 जागांपैकी 25 अनुसूचित जमातींना राखीव. त्यातल्या आपल्या जिल्ह्यात किती? एकही नाही. मोहोळ आणि माळशिरस राखीव आहेत, पण ते अनुसूचित जातींसाठी. आमच्याकडे फ्लेक्स करायला येणारे निम्मे कार्यकर्ते ‘जाती’ आणि ‘जमाती’ एकच समजतात. मीच दुरुस्त करून देतो, त्याचे जादा पैसे घेत नाही.

तेव्हा तुम्हाला नंदुरबार गाठावं लागेल. तिथल्या चारही जागा जमातींच्या. कायद्याची हरकत नाही. महाराष्ट्रात मतदार म्हणून नाव असलं की राज्यातल्या कुठल्याही राखीव जागेवर अर्ज भरता येतो. हरकत घेतील ते तिथले लोक. अक्कलकोटचा माणूस अक्कलकुव्यात काय करतोय, असं विचारतील. सांगा, नावात अक्कल दोन्हीकडं आहे.

एवढं लांब जायचं नसेल तर इथंच खुल्या जागेवर लढा. बंदी नाही. उलट अनामत 10 हजारांऐवजी 5 हजारच. पडायचंच आहे तर सवलतीत पडावं. खर्चाची मर्यादा मात्र 40 लाख, ती जात बघून खाली येत नाही, आणि समोरचा ती पाळतो असं मानायला तुम्ही काही लहान नाही.

मी हे कुठल्या अधिकारानं सांगतो? सात रस्त्याजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. आजवर इतके ‘भावी आमदार’ छापलेत की त्यांचंच वेगळं सभागृह भरेल.

आता दाखला. जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. पालावर राहणाऱ्या, गावाच्या वेशीत पाऊल टाकलं की हाकलल्या जाणाऱ्या माणसाकडं त्या काळचा कागद कुठला? पण तुम्ही पारधी, त्यात सोलापूरच्या सेटलमेंटातले, म्हणजे नशीबवान. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तुमच्या आज्याला जन्मतःच चोर ठरवलं, तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरीला उभं केलं. कायदा 1952 साली गेला. त्या हजेरीचं एखादं पान जरी सापडलं, तरी जातीचा त्याहून भक्कम पुरावा नाही. आज्याला चोर लिहिलं म्हणून नातू आदिवासी ठरला. सरकारचे आभार माना.

एक पोरगा असंच पान मोबाइलमध्ये घेऊन दुकानात आला होता, 9 ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात. जागतिक आदिवासी दिनाचा बोर्ड करायचा होता. पानावर नाव, जात आणि समोर अंगठा. म्हणाला, “काका, पुढाऱ्यांचे फोटो नकोत. हा अंगठा मोठा करून टाका मधोमध.” मी कॉम्प्युटरवर कोरलमध्ये ताणला. आठ फुटांवर गेला तसा त्या रेघा नांगरलेल्या रानासारख्या दिसायला लागल्या, आणि मधून एक आडवा छेद. विळ्याचा असेल, नाहीतर मिलमधल्या मशीनचा. सेटलमेंटची माणसं मिलमध्ये राबायची. थोडा वेळ आम्ही दोघंही बघत बसलो.

मग मी भानावर आलो. म्हटलं, बाळा, हा अंगठा बघून कोण मत देणार? तारपा वाजवत नाचणारी माणसं टाक. तो म्हणाला, “आमच्यात तारपा नसतो.” नसेना का! तारपा वारल्यांचा, पालघरकडचा, हे मतदाराला कुठं ठाऊक? दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीपुढं आप्तभावाच्या चाचणीत कुलदैवत, बोली, लग्नाचे विधी विचारतात. ती अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलं. फ्लेक्सच्या चाचणीवर अजून तरी कुणी अपील केलेलं नाही. तर तारपा टाकलाच, आणि वरच्या ओळीत सात पुढारी. तुमच्या फ्लेक्सवरही हेच, फक्त तुमचा फोटो खाली डावीकडं, हात जोडलेला.

धनगर आरक्षणावर दोन भाषणं पाठ करा, एक सांगोल्यासाठी, दुसरं नंदुरबारसाठी. दोन्ही एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका. जमातींच्या यादीत ‘धनगड’ आहे, मागणी ‘धनगर’ची आहे, आणि हा र-ड चा वाद हायकोर्टापर्यंत जाऊन आलाय. मी तर तो शब्दच छापत नाही. एका अक्षराची चूक झाली तर दुकान राहायचं नाही.

समजा निवडून आलात. पक्ष फुटला आणि परराज्यातल्या हॉटेलात नेलं, तर गप्प राहा. ‘काय झाडी, काय डोंगार’ हे 2022 साली आमच्या सांगोल्याच्या आमदारांना शोभलं. तुम्ही झाडी-डोंगरातलेच, तुमच्या तोंडी ते कौतुक न वाटता जमिनीवरचा दावा वाटेल. 2025 मध्ये आदिवासी विकास खात्याचे 335 कोटींहून जास्त रुपये ‘लाडकी बहीण’कडं वळवले, तेव्हाही गप्पच राहायचं होतं. भावानं ओवाळणीचा हिशेब मागू नये. बाकी काम सोपं आहे. सभागृहात जायचं, हजेरीला सही करायची, व्हीप सांगेल तिकडं हात वर. हजेरीची तर घरातच सवय.

आणि अगदीच कुणी ऐकेना झालं, तर उडी मारा. चेष्टा नाही करत. 4 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदार मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या जाळीवर उतरले. धनगरांना जमातींत घेऊ नका आणि आदिवासी भागातली पेसा कायद्याखालची नोकरभरती करा, या मागण्यांसाठी. झिरवाळ सत्तेतल्याच पक्षाचे बरं का. ही जाळी 2018 मध्ये बांधली ती जीव द्यायला येणाऱ्या सामान्य माणसांसाठी. सभागृहाच्या दोन नंबरच्या माणसाला मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचायचा तोच जवळचा रस्ता सापडेल, असं बांधणाऱ्यालाही वाटलं नसेल. नोव्हेंबरात ते दिंडोरीतून पुन्हा निवडून आले, डिसेंबरात मंत्री झाले. एरवी आदिवासी आमदाराला मंत्रिपद मिळालंच तर बहुतेक आदिवासी विकासच मिळतं. यांना अन्न व औषध मिळालं. उडीचा एवढा उपयोग माझ्या बघण्यात दुसरा नाही.

फक्त रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसण्याआधी एक सोलापुरी चादर घेऊन ठेवा, जाड बघून. सत्काराला चालते, हॉटेलात एसी जास्त असला तर पांघरायला होते, आणि उडी मारायच्या आधी खाली टाकता येते. जाळी टोचत असणार.