खटका पडला नाही, पण सॉकेट करपलं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला. त्यात चार दावे आहेत. एमसीबी (ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह गेला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका) असलेल्या घरात विजेमुळे आग लागूच शकत नाही. तो सारखा पडत असेल तर १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवा. 'एफआर' (फ्लेम रिटार्डंट, म्हणजे ज्योतीला अटकाव करणारी) वायर पेटत नाही. आणि आरसीसीबी (प्रवाह बाहेर गळू लागला की वीज तोडणारा खटका) फक्त शॉकसाठी, आगीशी त्याचा संबंध नाही. खाली अंगठ्यांची रांग, त्यात आमचे भाऊजीही. म्हणून हा खटाटोप.

पहिला दावा. एमसीबी एवढंच बघतो की तारेतून किती प्रवाह चाललाय. एखादा जोड तापलाय, हे त्याला कळत नाही. आमच्याकडे दोन दिवस गिझर लावला की सुक्या बोंबलासारखा वास यायचा. आईला वाटलं, शेजारी बोंबील भाजताहेत. वायरमनने बोर्ड उघडला तर प्लगची एक पिन काळीनिळी, सॉकेट तिथे करपून तडकलेलं, आणि आतला स्क्रू बोटाने फिरत होता. २००० वॉटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे १६ च्या एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. पण ढिल्या जोडात अर्धा ओहम रोध धरला, तरी तेवढ्याशा जागेत ३५-४० वॉट उष्णता तयार होते. कथील वितळवणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते!

दुसरा दावा सगळ्यात घातक. एमसीबी तारेच्या जाडीवरून ठरतो, आपल्या सोयीने नाही. शिवाय आकडा ओलांडला की तो लगेच पडतो, असंही नाही. मानकानुसार आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला तो तासभर पडता कामा नये, १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ वाला ३६ अँपिअर तासभर मुकाट्याने जाऊ देणार. भिंतीतल्या पाइपात कोंबलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेचं तोवर काय होईल? पूर्वी फ्यूजला तांब्याच्या चार-पाच तारा पिळून घालायचे, त्यातलीच ही गत. सारखा पडतोय तर लोड मोजा, एकेक उपकरण काढून बघा. कधी एमसीबीचाच स्क्रू ढिला असतो, त्याच्या उष्णतेनेही तो पडतो.

'एफआर'बद्दल थोडक्यात: त्या तारेवर ज्योत सहजी पसरत नाही, इतकंच. तापली की तिचंही पीव्हीसी वितळतं आणि घुसमटवणारा धूर सोडतं.

चौथा दावा अर्धा खरा. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी शॉकसाठीच असतो. पण ओल्या भिंतीतून किंवा कुरतडलेल्या तारेतून गळणारा प्रवाह अर्थिंगकडे जात असेल, तर ती जागा तापण्याआधीच हा वीज तोडतो. जादा लोड त्याला दिसत नाही, ढिला स्क्रूही नाही. आमच्या डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही होते. दोन्ही गप्प राहिले.