युद्धाला नाही म्हणणारी बाई

आमच्या चुलतभावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा रण पेटलं. गावच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘शेजाऱ्यांशी बोलणी करा’ एवढंच लिहिलं, तर दादाचा निकाल तयार: ‘अमेरिकेत असं बोलून दाखव म्हणावं. आत टाकतील.’

अमेरिकेत राहतो मी, आणि इथलं ज्ञान मला दादा देणार!

तिकडून कुणी आलं की मी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीच्या, व्हिजिटर सेंटरला नेतोच. तिथे जेनेट रँकिनचा ब्राँझचा पुतळा आहे. मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही, हे तिचे शब्द त्यावर कोरलेत. मोंटाना राज्याने १९१६ साली तिला काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून दिलं, तेव्हा देशभरच्या बायकांना मताचा हक्क मिळायला अजून चार वर्षं होती. १९१७ च्या एप्रिलमध्ये जर्मनीविरुद्धच्या युद्धाला सभागृहात ५० जण नाही म्हणाले, त्यांत ही. ८ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, युद्धाच्या बाजूने ३८८ आणि विरोधात ही एकटी. गांधींच्या ओढीने पुढे कितीदा तरी भारतात आली. त्याच गांधींच्या देशातल्या दादाला तिचं नाव मी सांगायचं!

सांगितलं. त्याने गूगल करून टोला हाणला: ‘त्या दिवशी फोन बूथमध्ये लपली, पोलिसांनी सोडवून नेलं, ते कोण सांगणार?’

खरंय. १९४२ च्या निवडणुकीला ती उभीच राहिली नाही. पुतळा बसला १९८५ मध्ये, ती जाऊन बारा वर्षं झाल्यावर. पण कुणी तुरुंगात नाही टाकलं, आणि १९६८ साली, सत्याऐंशीव्या वर्षी, ती व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या बायकांच्या मोर्चात पुढे चालत होती. हा मुद्दा मी सोडणार नाही. (समाजवादी पुढारी यूजीन डेब्जला १९१८ च्या एका युद्धविरोधी भाषणापायी दहा वर्षांची सजा झाली होती. ते दादाला अजून सापडलेलं नाही.)

मग त्याचं ठेवणीतलं वाक्य: ‘तिकडे बसून शांततेच्या गप्पा सोप्या असतात.’

हे मात्र लागलं. इथल्या नागरिकत्वाच्या शपथेत, कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलीन, असं एक कलम आहे. धार्मिक श्रद्धेच्या कारणाने ते गाळून मागता येतं. रँकिनचे गोडवे गाणाऱ्या मी उजवा हात वर करून ते घडाघडा म्हटलं, डोळा पुढच्या पासपोर्टवर. भारतातला मताचा हक्कही त्याच दिवशी गेला. संध्याकाळी झेंडा हातात धरलेला फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा पहिलं अभिनंदन दादाचंच आलं.