मीठ रॉकेलात विरघळत नाही, काका

नमस्कार काका. बंदूक साफ करण्यावर मी लिहिलं होतं त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत एकदा वाचली आणि मग लिहायला बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीत गरम पाणी ओतायला सांगणं म्हणजे लोकांच्या बंदुकांची वाट लावणं, तुमच्या वडिलांनी ४० वर्षं रॉकेल आणि खोबरेलावर बंदूक सांभाळली, आता रॉकेल मिळत नाही तर डब्ल्यूडी-४० मारलं की झालं, आणि मी परदेशी बाटल्यांची नावं टाकून शेतकऱ्याला खर्चात पाडतोय. हा शेवटचा मुद्दा एकदम मान्य. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेला माणूस वर्षातून दहा-वीस बार काढणार, तोही डुकरं-माकडं हाकलायला, त्याला आपल्या बाजारात काय मिळतं ते मी आधी सांगायला हवं होतं. खाली सांगतो. पण पाण्याचं मी मागे घेणार नाही, कारण तिथे चुकलं की नळीच जाते.

मुळात आपण साफ काय करतोय ते बघा. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. बार उडाला की या सगळ्याचा वायू होत नाही, वजनाने निम्म्याहून जास्त माल घन रूपात उरतो, त्यातला काही धुरातून जातो आणि बाकी नळीत चिकटतो. हा चिकटलेला माल म्हणजे नुसती काजळी नाही, बरेचसे पोटॅशियमचे क्षार आहेत, आणि ते हवेतली ओल ओढतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथे लोखंडाला चिकटलेलं हे मीठ काय करत असेल विचार करा.

आता वाटीत थोडं रॉकेल घ्या, नसेल तर खोबरेल घ्या, त्यात चिमूटभर मीठ टाका आणि ढवळा. मीठ तळाशी जसंच्या तसं. घरी लोणचं घालतात तेव्हा पण बघा, मीठ विरघळतं ते कैरीला पाणी सुटल्यावर, तेलात नाही विरघळत. नळीत हेच होतं. रॉकेलाची चिंधी काजळी घेऊन येते, चार चिंध्या झाल्या की पाचवी पांढरी येते, आपल्याला वाटतं झालं साफ, आणि मीठ आत तसंच बसलेलं असतं, वरून तेलाचा हात. आठ दिवसांनी चिंधी घाला, तांबडी येईल. शिवाय काळ्या दारूची घाण आणि इंजिन ऑइलसारखं तेल एकत्र आलं की डांबरासारखा थर होतो, तो काढताना घाम फुटतो.

तुमच्या वडिलांबद्दल मला आदरच आहे, ४० वर्षं बंदूक टिकवणं सोपं नाही. पण एकदा आठवून बघा, रॉकेलाच्या आधी ते काही करायचे का? माझे आजोबा बार काढून आले की मागच्या दारी न्हाणीत जायचे, भाणातलं (पाणी तापवायच्या भांड्यातलं) कढत पाणी बादलीत घ्यायचे, आणि आम्ही पोरं तेलाची बाटली घेऊन मागे गेलो की म्हणायचे, "आधी पाणी, मागीर (मग) तेल." आम्हाला फक्त बाटली लक्षात राहिली. तुमच्याकडेही असंच असण्याची बरीच शक्यता आहे.

मी काय करतो ते सांगतो. सगळ्यात आधी गज आत टाकून बघतो, रिकाम्या नळीची खूण गजावर कोरलेली आहे, खूण नळीच्या तोंडाशी आली तरच पुढे. मग निपल, म्हणजे जिच्यावर केप (घोडा आपटला की फुटून दारू पेटवणारी टोपी) बसवतात ती नळीच्या मागची बारीक तोटी, पान्याने काढून वेगळी भिजवतो. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवायची, मागचं टोक बादलीत बुडवायचं आणि गजाला ओली चिंधी लावून वरखाली करायचं, पिचकारीसारखं पाणी मागच्या भोकातून आत येतं आणि बाहेर जातं. पहिलं पाणी काळंकुट्ट, सडक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकाचा. तिसऱ्या बादलीला पाणी स्वच्छ येतं. नळी सुटत नसेल तर तोंडातून नरसाळ्याने ओता, फक्त घोड्याच्या यंत्रात पाणी जाऊ देऊ नका. गरम पाणी एवढ्याचसाठी की नळी तापते आणि आतली ओल पटकन सुकते. मग कोरड्या चिंध्या, चिंधी खरोखर कोरडी येईपर्यंत, आणि नळी कोमट असतानाच तेल. पाणी घालून तसंच ठेवलं तर तुमची भीती शंभर टक्के खरी आहे, गंज चढणारच.

आता डब्ल्यूडी-४०. वाईट वस्तू नाही, पण ती कशाला बनवली ते नावातच आहे, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायला, १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ४०व्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे अगदी पातळ थर राहतो. माझाच अनुभव सांगतो. २०२४ ला १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, निवडणुकीपुरती बंदूक पोलिसांकडे जमा करायची होती, घाईत नळीत आणि बाहेरून हेच फवारलं, गोणपाटात गुंडाळली आणि देऊन आलो. जूनमध्ये हातात आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. गोणपाटाने ओल धरलेली, नळीच्या वरच्या अंगाला बोटभर पट्ट्यात तांबडे ठिपके, आणि ठिपक्यांखाली खड्डे पडलेले. ते खड्डे आता कायमचे. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेसाठी परत जमा करायची वेळ आली तेव्हा धुऊन, सुकवून, आतून बाहेरून व्हॅसलीनचा हात देऊन दिली, डिसेंबरात जशीच्या तशी मिळाली.

म्हणजे स्वस्तात काय, तर गरम पाणी फुकट, घोड्याच्या यंत्राला आणि रोजच्या हाताला शिलाई मशीनचं तेल, महिनोन् महिने ठेवायची असेल तर व्हॅसलीन. डब्ल्यूडी-४० घरात असेलच तर धुतल्यावर उरलेलं पाणी हटवायला वापरा, पुसून काढा आणि वर खरं तेल लावा. खोबरेल मात्र नको. २४ डिग्रीच्या खाली ते थिजतं, आंबोलीला थंडीत घोडा जड चालतो तो यामुळेच, आणि जुनं झालं की खवट होऊन चिकटतं. जर्मन बॅलिस्टॉल मी सुचवलं होतं ते एवढ्यासाठी की १९०४ पासूनचं हे तेल पाण्यात मिसळतं, दुधासारखं पांढरं होतं, त्यामुळे मीठ आणि काजळी दोन्हीवर चालतं. पण ते नसेल तर काही अडत नाही.

ज्यांच्याकडे तांब्याचा मुलामा असलेल्या गोळीची रायफल आहे त्यांच्यासाठी अमोनियावालं सॉल्व्हंट लिहिलं होतं, त्यात चिंधी निळी आली म्हणजे तांबं सुटतंय, पण गजाचं टोक पितळी असेल तर ते टोकच निळा रंग देतं, आणि माणूस तासभर उगाच घासत बसतो. ठासणीला याची काडीची गरज नाही. पॉइंट टू-टू (.२२) रायफलवाल्यांनाही सहसा नाही, तिथे उघडं शिसं आणि मेण असतं. आणि तुमचा नातू एअर रायफल शिकतोय असं तुम्ही लिहिलंय, त्याच्या रायफलीत यातलं काहीही घालू देऊ नका, दाबलेल्या हवेत पेट्रोलियमचं तेल पेट घेऊ शकतं. फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) कोरडा बोळा पुरतो, बाकी कोच सांगतील तसं.

एक राहिलं. नळीत तेल असेल तर बंदूक तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल ओघळून निपलमध्ये उतरतं आणि ऐनवेळी नुसती केप फुटते, बार होत नाही. भरण्याआधी कोरडी चिंधी फिरवा आणि सुरक्षित दिशेला एक-दोन नुसत्या केपा फोडा, म्हणजे वाट मोकळी होते.

तुमची बंदूक या आठवड्यात एकदा अशी धुऊन बघा काका, आठ दिवसांनी पांढरी चिंधी घाला आणि ती कुठल्या रंगाची आली ते मला इथेच कळवा. तांबडी आली तरी लिहा, मग कुठे ओल राहिली ते आपण मिळून शोधू.