आत्याला आलेला ॲक्टिव्हेशनचा तो मेसेज पुढे पाठवू नका

वेंगुर्ल्यात माझ्या आत्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. जूनच्या पहिल्या पावसात वीज ये-जा करत राहिली आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, गेला. नवा बसवल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं आली, म्हणजे विंडोजचं लायसन्स पुन्हा पटवून द्या. त्याच संध्याकाळी वाडीच्या ग्रुपवरचा एक मेसेज तिने मला पाठवला आणि लगेच फोन केला, "एकदा पैशे भरलंय मां, परत कित्याक भरू? ही फाइल चालवू काय?"

मेसेज थोडक्यात असा : मदरबोर्ड बदलला की जुनं लायसन्स मेलं, 30 दिवसांत कॉम्प्युटर बंद पडून फाइली जातात, म्हणून अँटिव्हायरस बंद करून सोबतची फाइल चालवा, विंडोज आयुष्यभर चालेल, तुम्ही पैसे आधीच भरलेत, त्यामुळे यात गैर काही नाही.

30 दिवसांची भीती खोटी आहे. ॲक्टिव्हेशन नसेल तर विंडोज 10 आणि 11मध्ये ती अक्षरं दिसत राहतात, वॉलपेपर-रंग सेटिंगमधून बदलता येत नाहीत. फाइली जिथल्या तिथे राहतात. घाई करायचं काहीच कारण नाही.

लायसन्स मेलं, यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. लॅपटॉपबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या यंत्रालाच बांधलेलं असतं. वॉरंटीत कंपनीनेच बोर्ड बदलून दिला तर ते चालतं. वॉरंटी संपल्यावर बाहेरून बदलला तर नवं घ्यावं लागू शकतं. पण आत्याने विंडोजचा डबा वेगळा विकत घेतला होता. ते रिटेल लायसन्स, जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतं.

डब्यातलं कार्ड तिच्या कपाटात एफडीच्या पावत्यांखाली सापडलं. एका कडेला कसर लागलेली, त्यावर छापलेल्या लायसन्सच्या 25 अक्षरी कीमधलं एक अक्षर पुसट. आठ की बी, कळेना. आठ घालून पाहिला, चुकला. बी घातला आणि दोन मिनिटांत ॲक्टिव्हेशन झालं. कार्ड नसतं आणि लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असतं, तरी मार्ग होता : विंडोज 11मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन, तिथे ट्रबलशूट, मग 'या यंत्राचं हार्डवेअर नुकतंच बदललं' या अर्थाचा पर्याय, आणि यादीतून आपलं यंत्र निवडायचं. खातं आधी जोडलेलं हवं, म्हणून ज्यांचं विंडोज आज नीट चालतंय त्यांनी आजच जोडून ठेवा.

आता त्या फाइलबद्दल. माझा सगळा संताप इथे आहे. अँटिव्हायरस बंद करा, हे वाक्य वाचूनच थांबायला हवं होतं. घराचा कुत्रा बांधून ठेवा, मग मी येतो, असं सांगणाऱ्या अनोळखी माणसाला आपण दार उघडतो का? रेड कॅनरी या सायबर सुरक्षा कंपनीने डिसेंबर 2021मध्ये नेमकं असंच प्रकरण उघड केलं. केएमएसपिको नावाच्या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या (लायसन्सशिवाय विंडोज ॲक्टिव्हेट करणाऱ्या प्रोग्रामच्या) बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा चोर-प्रोग्राम यंत्रात शिरत होता आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेटची माहिती उचलत होता. ॲक्टिव्हेटर खरोखरच बसायचा, त्यामुळे माणसाला वाटायचं काम झालं.

आणि 'आयुष्यभर' कसलं? केएमएसपिकोसारखे ॲक्टिव्हेटर केएमएस सर्व्हरचं, म्हणजे मोठ्या कार्यालयांतल्या अनेक यंत्रांना ॲक्टिव्हेशन देणाऱ्या कॉम्प्युटरचं, सोंग घेतात. तसं ॲक्टिव्हेशन 180 दिवसांचं असतं, ते पुन्हा पुन्हा नवं करत राहावं लागतं. म्हणजे कोणी लिहिलाय ते ठाऊक नसलेला प्रोग्राम यंत्रात कायम बसून राहणार.

आत्याच्या त्या यंत्रात काय काय आहे? आंबा-काजूच्या पीकविम्यासाठी लोकांनी दिलेले सातबारे, आधार कार्डं, बँक पासबुकांची पहिली पानं. अर्ध्या वाडीची कागदपत्रं एका फोल्डरमध्ये. पैसे आत्याने भरलेत म्हणून ही माणसं पणाला लावायचा हक्क तिला मिळत नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तर नाहीच.

गैर नाही म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, लायसन्स तुमचं आहे ना? मग ते वापरा.

ज्यांनी ती फाइल आधीच चालवली असेल त्यांनी आधी त्या यंत्राचं इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, कागदपत्रांची प्रत काढून विंडोज पुन्हा नव्याने टाका. खात्यातून पैसे गेले असतील तर थांबू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.