पेशंटचं वजन किती?

मासा आजारी पडतो, हे आमच्या फोंड्याच्या घरात कुणाला पटत नाही. मासा ताजा असतो किंवा शिळा असतो. त्यामुळे टाकीतला निळा डिस्कस काळपट पडून हीटरच्या मागे तोंड खुपसून बसला, तेव्हा आईने चष्मा सावरून काचेतून पाहिलं आणि निकाल दिला, "कल्ले लाल आहेत अजून. काही झालेलं नाही त्याला."

डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. ताटलीसारखा गोल, चपटा आणि स्वभावाने घरजावई. 1840 साली हेकेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने याचं बारसं केलं आणि तो मोकळा झाला. संगोपन आमच्या गळ्यात आलं. याला पाणी हवं मऊ, किंचित आम्लधर्मी आणि 28 ते 30 अंशांचं. जुलैत आम्ही पांघरुणं काढतो तेव्हा याचा हीटर रात्रभर चालू, आणि वीज गेली की सेलवरचा हवेचा पंप घेऊन धावायचं मी.

खाणं बंद, रंग काळा, कोपरा धरलेला आणि मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबणारी विष्ठा. आतड्यात हेक्झामिटा जातीचे परजीवी माजल्याची ही लक्षणं. दुर्लक्ष केलं तर पुढे डोक्यावर भोकं पडू शकतात. एकाच कल्ल्याने श्वास घेत अंग घासत असता तर कल्ल्यांतल्या कृमींचा संशय घेतला असता. त्याचं औषध वेगळं. याला हवं होतं मेट्रोनिडाझोल, म्हणजे माणसांना आव पडल्यावर देतात तीच गोळी. ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून आधी गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पेशंटच्या रकान्यात "मासा" लिहिलं आणि हसू दाबत सही केली.

औषधाच्या दुकानातला पोरगा चिठ्ठी नीट न वाचता कामाला लागला.

"पेशंट मोठा की लहान?"

"दीडशे ग्रॅमचा."

त्याने मान वर केली, पण हात सवयीने पाकिटावर लिहीत राहिला. "जेवणानंतर द्या."

"जेवतच नाही हो."

"आणि या गोळीवर दारू बंद हां. सांगून ठेवा त्याला."

गोव्यात हे सांगावंच लागतं, त्याचा दोष नाही.

रोग आतड्यात, म्हणून औषध खाण्यातून गेलेलं उत्तम. पण उपोषणाला बसलेल्याला खाण्यातून कसं देणार? मग गोळी कुटून पाण्यात. त्याआधी फिल्टरमधला कोळसा काढायचा, नाहीतर औषध मासा घेण्याआधी कोळसाच घेतो. पाणी हळूहळू 32 अंशांवर न्यायचं. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून बुडबुड्यांचा दगड वाढवायचा. दिवा मंद ठेवायचा. हिने खोलीच्या दाराशी येऊन विचारलं, "अहो, माझं बाळंतपण झालं तेव्हा होतात कुठे तुम्ही?"

सल्लागार आलेच. कुणी खडेमीठ सुचवलं, कुणी हळद, कुणी बदामाची वाळलेली पानं. पानांत तथ्य आहे. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि माशाला मानवतं. आतड्यातल्या पाहुण्यांना मात्र त्याने काही होत नाही. तरी मी पानं वेचलीच. रोज अंगण झाडून ती टाकून देणाऱ्या बाईसमोर तीच पानं धुऊन घरात आणायला छातीच लागते.

एका स्नेह्यांनी फॉर्मेलिनचं, म्हणजे प्रेतं टिकवायला वापरतात त्या रसायनाचं, नाव काढलं आणि आई पदर खोचून उभी राहिली. 2018 साली मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयाने अख्खा गोवा हादरला होता; परराज्यातली मासळी काही काळ बंद झाली आणि आम्ही अंड्याच्या पोळीवर दिवस काढले. अंगावरच्या परजीवींसाठी जिवंत माशाला ते खरोखरच देतात, थेंब मोजून. पण आईला कोण समजावणार? शिवाय आमच्या रोगाला ते लागूही नव्हतं.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. पाणी बदला. उद्याही बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून आम्ही विहिरीचं पाणी पिंपात भरून, हवा सोडून, टाकीइतकं गरम करून वापरतो. नळी तोंडाने ओढून तळाची घाण काढताना जो घोट घशात जातो, त्याची चव इथे लिहीत नाही. नवा मासा आणला की चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने, वेगळ्या बादलीने. ही टाकी न्हाणीघरात आहे. पाहुणे आंघोळीला जातात आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय म्हणून लगेच बाहेर येतात.

त्यातच 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. शेजारचे भाऊ रोज संध्याकाळी "तब्येत कशी आहे?" म्हणून विचारपूस करायला यायचे आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे. विचारपूस खरीच असावी. पण एकदा त्यांनी "साधारण पापलेटाएवढा भरेल, नाही?" असं विचारलं, तेव्हापासून मी दोघांच्या मधे बसतो.

अखेर एका सकाळी त्याने दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला, आणि तिसऱ्यांदा गिळला. मी ओरडलो, तसा घाबरून तो परत काळा पडला.

तोवर बेळगावचं लग्न बुडालं होतंच. काकांना फोन करून सांगितलं, "येता आलं नाही काका, माशामुळे. घरात फार गडबड झाली."

"अरे रे! पावसाळ्यात मासे बाधतातच," काका कळवळले. "सगळ्यांनाच झालं का? दोन दिवस नुसती पेज घ्या. आणि आव असेल तर ती मेट्रो का काय गोळी मिळते बघ, ती आण."

"आणली," मी म्हटलं.

"शाबास. आणि त्यावर दारू नको हां."