जोडले म्हणून बुडालात?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोंड्याच्या आतेभावाने पुन्हा तेच टाकलंय: "पोर्तुगालचं काय झालं बघितलंस ना? स्पेनच्या गळ्यात गळा घातला आणि दोघेही काळोखात गेले. आम्हांला बाहेरची लाईन नको. छपरांवर सोलर बसवू आणि मोलेचं रान राखू." खाली सगळ्या मावश्यांचे अंगठे.

बाहेरची लाईन म्हणजे छत्तीसगडच्या तामनार प्रकल्पाची, कर्नाटकातून मोलेच्या अभयारण्यातून गोव्यात येऊ घातलेली विजेची लाईन. रान राखू, हे मान्य. बाकीचं वाचून डोकं फिरतं.

28 एप्रिल 2025 ला मी लिस्बनमध्येच होतो. सकाळी साडेअकराच्या सुमारास सगळं गेलं. मेट्रो बंद, सिग्नल बंद, मल्टिबांको म्हणजे इथली एटीएम बंद. कोपऱ्यावरच्या बांगलादेशी दुकानदाराने पाणी, मेणबत्त्या आणि ट्यूनाचे डबे काउंटरवर मांडले आणि ज्यांच्याकडे सुटे पैसे नव्हते त्यांची नावं वहीत उतरवली. रात्री वीज आली तेव्हा बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. आमच्या धारबांदोड्यात टाळ्या कोण वाजवणार? तासाभरात ती पुन्हा जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आतेभावाचं अर्धं खरं आहे. बिघाड स्पेनमध्ये झाला, व्होल्टेज हाताबाहेर गेलं आणि पोर्तुगाल सोबत फरफटत गेला. पुढचं मात्र तो गिळून टाकतो. स्पेनला सावरायला फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आलेली वीज कामी आली. पोर्तुगालला जोडलेला शेजारी एकच, आणि तोच आडवा पडलेला. मग कास्तेलो दो बोदेचं धरण आणि उत्तरेकडचं एक गॅसचं केंद्र यांच्या जोरावर शून्यातून उठावं लागलं. गोव्याकडे म्हणण्यासारखं काय आहे? जवळजवळ सगळी वीज घाटापलीकडून येते. बाबा रे, रात्री नऊला सगळ्या गोव्यात एसी चालू होतात तेव्हा तुझ्या छपरावर ऊन नसतं.

इथे पोर्तुगालमध्ये त्या दिवसानंतर लाईन तोडा असं कोणी म्हणालं नाही. ओरड झाली ती फ्रान्सकडे जाणाऱ्या लाईन कमी पडतात म्हणून. बिस्केच्या उपसागराखालून 2,000 मेगावॅटची केबल टाकण्याचं काम चालू आहे, त्याला युरोपीय संघाने 578 दशलक्ष युरो दिलेत. देशादेशांतल्या वीजजाळ्यांसारख्या कामांसाठी 2021-27 या काळात 5.84 अब्ज युरो ठेवले होते, पुढच्या सात वर्षांसाठी युरोपीय आयोगाने 29.91 अब्ज मागितलेत. मिळतील तेव्हा खरं, पण मागितले तरी.

आणि विरोध काय फक्त गोंयकारच करतात? पिरेनीजमधून जाणारी फ्रान्स-स्पेन लाईन लोकांनी वर्षानुवर्षं अडवून धरली होती. डोंगरावर मनोरे नकोत म्हणाले. शेवटी 2015 साली ती सुरू झाली तेव्हा चौसष्ट किलोमीटर जमिनीखालून गेली होती, डोंगराला साडेआठ किलोमीटरचा बोगदा पाडून. कित्येक पटींनी महाग. पण संघाने 225 दशलक्ष टाकले आणि दोन्ही देशांनी बाकीचं उचललं.

आणि मोलेजवळच्या सांगोडला काय झालं? या लाईनच्या उपकेंद्रासाठी आधी झाडं पडली, मग माणसं रस्त्यावर आली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने सांगितलं, रानातून नवी वाट कापू नका, जुन्या लाईनच्या वाटेनेच न्या. हे आधी कोणाला सुचलं नसेल? पण काम जातं सर्वांत कमी दर भरणाऱ्याला, आणि कमी दराची वाट नेहमी रानातूनच जाते. तिथे कोणाचं घर नसतं ना! वर कर्नाटकाने 2024 मध्ये ही लाईन म्हादई नदीच्या पाण्यावरून गोव्याशी चाललेल्या भांडणाला नेऊन बांधली. राज्याची हद्द ओलांडायला एवढं रामायण. आणि त्याच वर्षी नेपाळची 40 मेगावॅट वीज आपल्याच तारांतून बांगलादेशला पोचली! हे मला त्या दुकानदाराने ऐकवलं, जणू त्याने स्वतःच ती खांद्यावरून नेली होती.

तेव्हा भांडायचं तर पैशांसाठी भांडा. रान चुकवून लाईन न्यायची तर वरचा खर्च दिल्लीने उचलावा, असं म्हणा. "लाईनच नको" म्हटलं की समोरच्याचं फावतं. तो म्हणतो, हे विकासाच्या आड येणारे.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. आतेभावाचं उत्तर लगेच आलं: "तुला तिथून बोलायला काय जातं? तुझं मत आहे का इथे?"

नाही. वडील 1961 आधी, गोवा पोर्तुगीजांकडे असताना जन्मलेले, म्हणून मला हा पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि धारबांदोड्याच्या मतदारयादीतलं नाव गेलं. आईच्या घरी इन्व्हर्टर मीच बसवला, त्याची बॅटरीही मीच बदलतो. तिची वीज जाते ती बहुतेकदा फणसाची फांदी तारेवर पडून, आणि त्याला तामनारहून येणारी कुठलीच लाईन काही करणार नाही, हेही मला कळतं. तरी सांगोडचे फोटो पाहून पोटात गोळा येतो, आणि "लाईन नको" वाचून तेवढाच राग येतो. इथल्या लाईनींचे पैसे माझ्या बिलातून, करातून जातात, तेव्हा "तू कुठला?" असं मला कोणी विचारत नाही. तो प्रश्न फक्त फोंड्याहून येतो.

मावश्यांनी आतेभावाच्या उत्तरालाही अंगठे दिलेत. आईने दोघांच्याही.