‘नवे धनुष्य वाकडे आहे’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या परतवाड्याच्या दुकानातून घेतलेल्या बांबूच्या धनुष्याबद्दल आपण एक तारा देऊन जो अभिप्राय लिहिला आहे, तो आम्ही काळजीपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे: चिरंजीवांचे बाण क्लबच्या जुन्या २४ पाउंडांच्या (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या) धनुष्यावरून ३० मीटरला बहुतेक टार्गेटच्या मधल्या पिवळ्या भागात लागतात, आमच्या नव्या ३२ पाउंडांच्या धनुष्यावरून तेच बाण उजवीकडे आणि वर जातात, काही तर टार्गेटच्या बाहेर पडतात, सबब आमचे धनुष्य वाकडे आहे, बांबू कच्चा आहे आणि दुप्पट पैसे वाया गेले. आपण जे पाहिले ते तसेच घडले असणार, याबद्दल आम्हाला शंका नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाही, आणि त्याची कारणे येथे सविस्तर देत आहोत, कारण हाच प्रश्न घेऊन दुसरे पालकही येतात.

आपल्याच वाक्यातला ‘तेच बाण’ हा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतीय प्रकारच्या, म्हणजे आपण घेतलेल्यासारख्या बांबूच्या, धनुष्याची मूठ मधोमध कापलेली नसते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो, तर सोडलेली दोरी धनुष्याच्या मध्यरेषेकडे परत येते. म्हणजे दोरी पुढे सरकते तसतसे बाणाचे टोक डावीकडे वळायला पाहिजे, आणि तरीही नीट जुळलेला बाण सरळ जातो. याचे कारण असे की, मागून एकदम धक्का बसल्याने बाण धनुकलीसारखा वाकतो, वाकतच मुठीला वळसा घालतो, आणि पुढे काही अंतर डावीकडे-उजवीकडे लवत जाऊन शांत होतो. हे वाकणे नेमके किती असावे, हे धनुष्याच्या जोरावर ठरते. बाण जास्त ताठ असला तर तो पुरेसा वाकत नाही आणि डावीकडे जातो. जास्त लवचिक असला तर प्रमाणाबाहेर वाकतो आणि उजवीकडे जातो. चिरंजीवांचे बाण २४ पाउंडांच्या धनुष्याला जुळवलेले आहेत. तेच बाण ३२ पाउंडांच्या जोराने ढकलले की ते लवचिक ठरतात. बाण उजवीकडे जाणे हे, आमच्या मते, धनुष्याच्या वाकडेपणाचे नव्हे तर बाण न जुळल्याचे लक्षण आहे.

बाणाच्या या ताठपणाला स्पाइन म्हणतात आणि तो अंदाजाने नव्हे, मोजून ठरवता येतो. लाकडी किंवा बांबूच्या बाणासाठी २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर काडी ठेवायची, मध्यभागी २ पाउंडांचे, म्हणजे साधारण ९०७ ग्रॅमचे वजन टांगायचे आणि काडी किती खाली लवली ते पाहायचे. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या बाणांसाठी हेच माप २८ इंच अंतर आणि ८८० ग्रॅम वजन घेऊन काढतात. तेथे ५०० स्पाइन म्हणजे काडी अर्धा इंच लवली, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका बाण लवचिक. आमच्याकडे धनुष्य घेणारे पुष्कळ लोक लांबी आणि पॉलिश बारकाईने पाहतात, पण बाणाच्या काड्या मोजून घ्यायचे त्यांच्या मनातही येत नाही. अचूकतेचा निम्मा भाग या काड्यांत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाण वर जाण्याचे कारण याहून सोपे आहे. भारतीय प्रकारात धनुष्यावर साइट, म्हणजे नेम धरायचे साधन, नसते. बाणाचे टोक टार्गेटच्या कोणत्या भागाशी धरायचे, हे डोळा सरावाने शिकतो. चिरंजीवांचा डोळा हळू जाणाऱ्या बाणावर तयार झाला आहे. नवे धनुष्य बाणाला जास्त वेग देते, तो वाटेत कमी खाली येतो, आणि नेम पूर्वीसारखाच धरला तर बाण वर लागणारच.

आता बाण विखुरण्याविषयी, कारण खरी काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे. सगळे बाण एकत्र पण चुकीच्या जागी लागले, तर नेम किंवा बाण बदलून ते मध्यावर आणता येतात. पण प्रत्येक बाण वेगळीकडे जात असेल, तर बहुधा धनुष्य तिरंदाजाच्या ताकदीबाहेरचे असते. ३२ पाउंड हा आकडा २८ इंच ओढीला, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, लागू असतो आणि पावतीवर तसा लिहिलेला आहे. आपण चिरंजीवांची ओढ २६ इंच सांगितली होती. इंचामागे साधारण दोन पाउंड कमी धरले, तर त्यांच्या बोटांवर नव्या धनुष्याचे सुमारे २८ पाउंड येतात आणि जुन्याचे सुमारे २०. वाढत्या वयाच्या मुलासाठी ही एकदम मोठी उडी आहे. पूर्ण ओढ धरून ठेवणे जमत नाही, मग एखादा बाण पूर्ण ओढीवरून सुटतो, एखादा अर्धा इंच अलीकडून.

अर्धा इंच ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, म्हणून हिशोब मांडतो. बाणाचा वेग सेकंदाला ४० मीटर धरला, तर ३० मीटर जायला त्याला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो साधारण पावणेतीन मीटर खाली येतो. नेम वर धरून आपण हीच भरपाई करत असतो. या जोराच्या धनुष्यात ओढ अर्ध्या इंचाने कमी पडली, तर वेग सुमारे तीन टक्क्यांनी घटतो, आणि त्यामुळे तोच बाण आणखी सुमारे १७ सेंटीमीटर खाली लागतो. १२२ सेंटीमीटरच्या टार्गेटवर एका गुणाचे वर्तुळ सहा सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे नेम अचूक असूनही दोन-तीन गुण केवळ ओढीच्या फरकाने जातात.

आपण अभिप्रायात नागपूरच्या ओजस देवतळे यांचे उदाहरण दिले आहे, की त्यांचे सगळे बाण दहात लागतात ते धनुष्य चांगले म्हणूनच. त्यांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले, याचा आम्हा विदर्भातल्या सर्वांना अभिमान आहे. मात्र ते कंपाउंड धनुष्य होते. त्यात चाकांमुळे पूर्ण ओढीवर बोटांवरचा बराचसा भार उतरतो, ओढ एका ठरावीक जागी अडते, दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या उपकरणाने सुटते, आणि साइटला भिंग असते. वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक चुकीची वाट त्या यंत्रात आधीच अरुंद केलेली असते. बांबूच्या धनुष्यात ते सगळे काम तिरंदाजाच्या पाठीने आणि बोटांनी करायचे असते, त्यामुळे दोन्हींची तुलना बांबूवर अन्याय करणारी आहे. (त्या १५० गुणांचे श्रेय यंत्रालाच देणे तर त्यांच्यावरही अन्याय होईल.)

धनुष्य खरोखर वाकडे आहे का, हे घरीच तपासता येते. दोरी चढवून धनुष्य मागून पाहावे. दोरी वरच्या पात्याच्या (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांना पाते म्हणतात), मुठीच्या आणि खालच्या पात्याच्या मधोमध दिसली पाहिजे. ती एका बाजूला सरकलेली दिसली, तर पाते पिळलेले आहे. तसे असल्यास धनुष्य आमच्याकडे आणून द्यावे, आम्ही बदलून देऊ किंवा पूर्ण रक्कम परत करू. एक विनंती मात्र आहे: आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नये. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना आतल्या उष्णतेने बांबूचा जोर उतरतो आणि चांगले पातेही पिळू शकते.

पाते सरळ असेल तर दोन उपाय आहेत. पहिला, नव्या धनुष्याला जुळतील अशा जास्त ताठ काड्यांचे बाण घेणे. यासाठी लागणारे मोजमाप आम्ही मोफत करून देतो. दुसरा, आणि आम्हाला अधिक योग्य वाटणारा, म्हणजे धनुष्य आतल्या अंगाने तासून २६ पाउंडांवर आणणे. टार्गेटकडची कडक साल तशीच ठेवून हे करता येते, पण एकदा उतरवलेला जोर परत चढवता येत नाही, त्यामुळे ‘मुलगा मोठा होईल तेव्हा पुरेल’ या विचाराने ३२ पाउंडांचे धनुष्य घेणाऱ्या आपल्यासारख्या पालकांच्या लेखी संमतीशिवाय आम्ही रंधा लावत नाही. मुलगा मोठा होईपर्यंत त्याचा खांदा दुखावला तर त्या काटकसरीचा उपयोग नाही, हे आमचे मत आम्ही विक्रीच्या वेळी सांगितले होते आणि आजही तेच आहे.

आपण चिरंजीवांना, दोन्ही धनुष्ये आणि सर्व बाण घेऊन दुपारी चारनंतर कधीही यावे. दुकानामागच्या मैदानात पिसे नसलेला एक बाण पिसांच्या बाणांसोबत १५ मीटरवरून सोडून पाहू. तो पिसांच्या बाणांपेक्षा उजवीकडे लागला तर काड्या लवचिक आहेत, हे आपल्याला स्वतःला दिसेल. बाण ताठ करण्यासाठी ते कापून आखूड करावेत असा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तर येण्यापूर्वी कृपया तसे करू नये. ओढीपेक्षा आखूड झालेला बाण मुठीमागे घसरून हातात घुसू शकतो.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, परतवाडा